परदेशातला पगार कसा तोलावा: दोन देशांतल्या खर्चाची तुलना

दोन देशांतले पगार चलनाच्या दराने गुणून तोलता येत नाहीत. पगार ज्या देशात मिळतो तिथेच त्यातला बहुतेक भाग खर्च होतो, आणि तो तिथल्याच भावाने. बाजारातला विनिमय दर लागू पडतो तो उरलेल्या पैशाला, आणि तेही तो पैसा दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर. म्हणून सगळी आकडेमोड एकाच आकड्याकडे न्यायची: कर, विमा, भाडं आणि रोजचा खर्च भागवून महिन्याला मागे किती उरतं. दोन्ही देशांतली ही शिल्लक शेजारी शेजारी मांडली की निर्णयाला आधार मिळतो. त्याआधी केलेली कुठलीही तुलना अर्धवट ठरते.

आधी स्वतःचा खर्च

सुरुवात नव्या देशापासून करू नका. सध्याच्या घरखर्चाचे गेल्या १२ महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे हिशेब काढा. तीन महिन्यांचे पुरत नाहीत, कारण विम्याचे वार्षिक हप्ते, शाळेची फी, गाडीची मोठी दुरुस्ती, गावी जाण्याचा प्रवास हे सगळं वर्षातून एक-दोनदाच येतं आणि तेवढ्या काळात हमखास निसटतं. रोख काढलेली रक्कमही धरा. ती कुठे गेली ते आठवत नसेल तर ‘इतर’ म्हणून धरा, पण वगळू नका.

मग खर्चाचे गट पाडा, पण नेहमीसारखे किराणा, कपडे, करमणूक असे नकोत. देश बदलल्यावर किंमत कशी वागते, त्यावरून गट पाडायचे:

- घर: भाडं किंवा हप्ता, वीज, पाणी, गॅस, देखभाल, स्थानिक कर.
- माणसाच्या वेळेची किंमत: घरकाम, मुलं सांभाळणं, प्लंबर, केस कापणं, बाहेर जेवणं, टॅक्सी.
- जगभर विकल्या जाणाऱ्या वस्तू: फोन, लॅपटॉप, कपडे, घरगुती यंत्रं.
- सरकार काही ठिकाणी देतं आणि काही ठिकाणी देत नाही ते: शाळा, दवाखाना, निवृत्तीवेतन.
- मूळ देशात चालूच राहणारं: कर्जाचे हप्ते, आई-वडिलांचा खर्च, जुने विमे, बंद घराची देखभाल.

यातला दुसरा गट सगळ्यात जास्त चकवतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचं कारण मांडलं. केस कापायला श्रीमंत देशात आणि गरीब देशात सारखाच वेळ लागतो. पण श्रीमंत देशात कारखान्यातला कामगार तासाला कितीतरी जास्त उत्पादन करतो, त्यामुळे त्याचा पगार मोठा असतो, आणि केस कापणाऱ्यालाही त्याच्या आसपास मोबदला द्यावा लागतो. नाहीतर त्या धंद्यात कोणी राहणार नाही. फोनची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखी असते. पाळणाघराचा खर्च मात्र कित्येक पट होऊ शकतो.

म्हणून खर्चाचे दोन रकाने करा. पहिल्यात आजच्याच सवयी नव्या देशातल्या भावाने मांडा: तितकेच तास घरकामाला मदत, तितक्याच वेळा टॅक्सी. दुसऱ्यात तिथले लोक जसे राहतात तसं मांडा: घरकाम स्वतः, प्रवास मासिक पासावर. पहिला आकडा खऱ्या खर्चापेक्षा फुगलेला असतो, कारण महाग झालेली गोष्ट माणूस कमी वापरायला लागतो. दुसरा आकडा कमी पडतो, कारण सवयी एका महिन्यात बदलत नाहीत. खरा खर्च या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. पहिल्या वर्षात तो पहिल्या रकान्याच्या जवळ असतो. दोन्ही रकान्यांत मोठी तफावत असेल तर ती तफावत म्हणजे तुमच्या घरातल्या कोणाच्या तरी कामाचे तास आहेत. ते तास कोण देणार, हे घरात आधी बोलून घ्या.

हातात किती येणार

पगाराचा आकडा कळला की हे प्रश्न लेखी विचारा:

१. रक्कम वर्षाची की महिन्याची, आणि वर्षात किती हप्त्यांत? ऑस्ट्रियात वर्षाला १४ पगार देण्याची पद्धत आहे, स्वित्झर्लंडमध्ये तेरावा पगार सर्रास असतो. वार्षिक आकड्याला १२ ने भागलं तर दर महिन्याला हातात येणाऱ्या रकमेचा अंदाज चुकतो आणि भाडं झेपेल की नाही हे कळत नाही.

२. सक्तीच्या कपाती कोणत्या? प्राप्तिकराशिवाय निवृत्तीवेतन, आरोग्य, बेरोजगारी यांची वर्गणी बहुतेक ठिकाणी असते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, दरवर्षी आपल्या सदस्य देशांतल्या पगारावरच्या कर-कपातींची तुलना छापते. एकटा माणूस, मुलं असलेलं जोडपं असे वेगवेगळे नमुने त्यात असल्यामुळे ढोबळ अंदाजाला ती उत्तम आहे.

३. त्याच श्रेणीतल्या, त्याच कौटुंबिक स्थितीतल्या कर्मचाऱ्याची नमुना पगारपावती, नाव काढून, मिळेल का? एवढं एक पान अनेक कॅल्क्युलेटरांपेक्षा जास्त सांगतं.

४. आरोग्य विमा पगारातून कापला जातो की वेगळा घ्यावा लागतो? स्वित्झर्लंडमध्ये मूलभूत विमा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्रत्येकाला स्वतः घ्यावा लागतो, मुलांचाही वेगळा, आणि त्याचा हप्ता पगारपावतीवर दिसत नाही. प्रौढ माणसाला वर्षाच्या उपचारांपैकी पहिले ३०० ते २,५०० फ्रँक, जी मर्यादा निवडली असेल त्याप्रमाणे, खिशातून भरावे लागतात. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरायचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम घेतला जातो. ही रक्कम कंपनी देणार की तुम्ही, हे करारात आलं पाहिजे.

काही करांचा भार उशिरा पडतो. जपानमध्ये स्थानिक रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो, साधारण १० टक्के. नव्याने आलेल्या माणसाच्या पगारातून पहिल्या वर्षी तो कापला जात नाही, पुढच्या जूनपासून सुरू होतो. पहिल्या वर्षाची पगारपावती पाहून घर ठरवलेल्यांना दुसऱ्या वर्षी फटका बसतो. म्हणून पगार कितीही चांगला वाटला तरी हिशेब दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचाही करायचा.

प्राप्तिकर नसलेल्या देशांचा मोह मोठा असतो. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर कर नाही. पण परदेशी कर्मचाऱ्याला तिथे राज्याकडून निवृत्तीवेतनही नाही. त्याऐवजी नोकरी संपताना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं: पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. ‘मूळ पगार’ हे शब्द नीट पाहा. एकूण पगारात भत्तेच जास्त असतील तर उपदान लहान होतं. इतर देशांत करातून जी शाळा आणि जो दवाखाना मिळतो त्याची किंमत इथे खिशातून द्यायची, म्हणून करमुक्त पगाराची तुलना करताना शाळेची फी आणि निवृत्तीची बचत खर्चात धरलीच पाहिजे.

मूळ देशाचा कर संपतो असंही गृहीत धरू नका. अमेरिका आपल्या नागरिकांना ते कुठेही राहोत, जगभरच्या उत्पन्नावर विवरण भरायला लावते. इतर बहुतेक देश निवासावर कर लावतात, पण निवास ठरवताना १८३ दिवसांचा निकष हा एकच नसतो. घर, कुटुंब, आर्थिक संबंधही पाहतात. ज्या वर्षात स्थलांतर होतं त्या वर्षी दोन्हीकडे विवरण भरावं लागण्याची शक्यता मोठी असते. कंपनी थोड्या काळासाठी पाठवत असेल तर दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार आहे का ते विचारा. असेल तर मूळ देशातून प्रमाणपत्र घेऊन नव्या देशातली वर्गणी टाळता येते. करार नसेल तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू शकते, आणि कमी वर्षं राहिल्यास नव्या देशातलं निवृत्तीवेतन पदरात पडेलच असं नाही.

भाडं

घरभाडं हा बहुतेक घरांचा सगळ्यात मोठा खर्च, आणि त्याचाच आकडा सगळ्यात कच्चा धरला जातो. नोकरीच्या ठिकाणापासून जास्तीत जास्त किती मिनिटांचा प्रवास चालेल ते ठरवा, त्या टप्प्यातल्या किमान २० जाहिराती पाहा, आणि भाड्यांची क्रमाने यादी लावून मधला आकडा घ्या. सगळ्यात स्वस्त घर मिळेल असं धरू नका. नव्याने आलेल्या माणसाकडे स्थानिक पगारपावत्या आणि कर्जफेडीची नोंद नसते, त्यामुळे स्वस्त घराचा मालक त्याचा विचार सगळ्यांच्या शेवटी करतो.

मग प्रत्येक जाहिरातीत काय धरलंय ते तपासा. जर्मनीत जाहिरातीतलं ‘थंड भाडं’ म्हणजे नुसत्या जागेचं. हीटिंग, पाणी, इमारतीची देखभाल मिळून ‘गरम भाडं’ होतं, आणि वीज-इंटरनेट त्याहून वेगळं. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण बऱ्याच घरांत स्वयंपाकघराची कपाटं आणि शेगडीही नसते, आधीचा भाडेकरू ती घेऊन जातो. नेदरलँड्समध्ये सामानाशिवायचं घर म्हणजे कधी कधी फरशीचं आच्छादनही नाही. ब्रिटनमध्ये नगरपालिकेचा काउन्सिल टॅक्स साधारणपणे भाडेकरू भरतो. दुकानातल्या किमतीचंही असंच: युरोपात पाटीवरच्या किमतीत कर धरलेला असतो, तर अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत विक्रीकर बिल करताना वर चढतो.

गाडीचा हिशेब वेगळा करा. डेन्मार्कमध्ये नोंदणी कराचा वरचा टप्पा १५० टक्के आहे. सिंगापूरमध्ये गाडी ठेवण्याचा परवानाच लिलावात घ्यावा लागतो आणि तो १० वर्षं चालतो. अशा ठिकाणी गाडीचा खर्च शून्य धरून वाहतुकीचा पास धरणं जास्त खरं.

तयार निर्देशांक कुठवर चालतात

नम्बिओसारख्या वेबसाइटवर न्यूयॉर्क म्हणजे १०० असं धरून शहरांचे आकडे दिलेले असतात. त्यांच्या मुख्य निर्देशांकात भाडं नसतं, भाड्याचा निर्देशांक वेगळा असतो; हे न पाहिल्यामुळे महाग भाड्याचं शहर अनेकांना परवडणारं वाटतं. आकडे वापरकर्त्यांनी भरलेले असतात. शहराच्या पानावर किती जणांनी आणि कधी माहिती दिली ते लिहिलेलं असतं. लहान शहरात ती संख्या इतकी कमी असते की एखाद-दुसऱ्या नोंदीने आकडा हलतो. मर्सरसारख्या सल्लागार संस्थांची यादी कंपन्यांनी बाहेर पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या राहणीवर बेतलेली असते. त्या यादीत वरच्या स्थानावर असलेलं शहर तिथल्या सामान्य पगारदारालाही तितकंच महाग असतं असं नाही.

क्रयशक्ती समता, म्हणजे त्याच वस्तू आणि सेवा घ्यायला प्रत्येक देशात तिथल्या चलनात किती पैसे लागतात त्यावरून काढलेला दर, हे याहून पक्कं मोजमाप. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०२१ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था होत्या. पण तो आकडा अख्ख्या देशाचा सरासरी असतो, राजधानीचा नाही. शिवाय संपूर्ण देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) आकड्यात सरकारी सेवा आणि बांधकामही मिसळलेलं असतं, म्हणून घरखर्चासाठी ‘खासगी उपभोगा’चा आकडा शोधा. पगाराचं मोघम मोजमाप म्हणून तो वापरा आणि तिथेच थांबा. एकाच बर्गरच्या वेगवेगळ्या देशांतल्या किमती तोलणारा, ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये सुरू केलेला निर्देशांक चलन महाग आहे की स्वस्त हे दाखवण्यापुरता ठीक. त्यात भाडं, शाळा, विमा काहीच येत नाही.

आकडे मांडून पाहू

देश ‘क’ मध्ये जोडप्याच्या हातात महिन्याला १,२०,००० येतात, खर्च ८५,०००, शिल्लक ३५,०००. देश ‘ख’ मध्ये एकाला वर्षाला ६०,००० ची नोकरी मिळते. ख चं एक नाणं म्हणजे क ची ८०. नुसतं गुणलं तर महिन्याला ४,००,०००, म्हणजे आजच्या तिपटीहून जास्त. आता नीट मांडू.

कपाती ३५ टक्के, म्हणून वर्षाला हातात ३९,०००, महिन्याला ३,२५०. खर्च: सगळं धरून भाडं १,३५०, किराणा ५५०, प्रवास १४०, अर्धवेळ पाळणाघर ४००, औषधपाणी ९०, फोन-इंटरनेट ७०, इतर ३५०. एकूण २,९५०. उरले ३००, म्हणजे क च्या चलनात २४,०००. आजच्या शिल्लकेपेक्षा ११,००० कमी, आणि जोडीदाराची नोकरी सुटलेली.

अजून स्थलांतराचा खर्च धरलेला नाही. विमानाची तिकिटं, व्हिसा, सामान पाठवणं, सुरुवातीचं तात्पुरतं घर, फर्निचर, कागदपत्रांची भाषांतरं आणि अनामत मिळून ९,६०० लागले असं धरू. अनामतीचे ३,००० परत येतील. ते खर्चात धरायचे नाहीत, पण जाताना हातात मात्र हवेत. उरलेले ६,६०० तीन वर्षांच्या करारावर वाटले तर महिन्याला १८३. शिल्लक ११७ वर येते. कराराची मुदत एकच वर्ष असती तर महिन्याला ५५० भार पडला असता आणि शिल्लक उणे झाली असती. म्हणून मुदत किती, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे.

आता जोडीदाराला तिथे महिन्याला हातात १,५०० देणारी नोकरी मिळाली आणि पाळणाघर पूर्णवेळ होऊन ९०० झालं असं धरा. निव्वळ भर १,००० ची. स्थलांतराचा खर्च न धरता शिल्लक ३०० वरून १,३०० होते, क च्या चलनात १,०४,०००. एवढा फरक पगाराच्या घासाघिशीतून सहसा पडत नाही. त्यामुळे जोडीदाराच्या व्हिसावर काम करायची परवानगी आहे का, त्याची पदवी तिथे ग्राह्य धरतात का, आणि पाळणाघरात जागा मिळायला किती महिने लागतात, हे तीन प्रश्न होकार देण्याआधी सोडवायचे.

किती पगार मागायचा

वरच्याच उदाहरणात, एकट्याच्या पगारावर आजच्याइतकी ३५,००० शिल्लक राहायला ख मध्ये साधारण ४४० उरायला हवेत, म्हणजे महिन्याला आणखी १४०, वर्षाला १,६८०. हातात यायच्या या रकमेवरून पगारवाढ काढताना सरासरी ३५ टक्के कपात धरू नका. वाढीव पगारावर कर शेवटच्या, सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने लागतो. तो ४२ टक्के असेल तर १,६८० ला ०.५८ ने भागायचं: साधारण २,९००. मागणी ६३,००० ची झाली. स्थलांतराचा खर्चही पगारातूनच काढायचा असेल तर त्याचे वर्षाला २,२०० हातात पडायला हवेत, म्हणजे पगारात सुमारे ३,८०० ची भर. त्यापेक्षा तो खर्च कंपनीने एकरकमी द्यावा असं मागणं दोघांनाही सोपं जातं. अशा रकमेवर कर लागतो का, आणि ठराविक मुदतीआधी नोकरी सोडल्यास ती परत करायची अट आहे का, हे वाचून घ्या.

दर हलला तर

शिल्लकेचा आकडा एकाच दरावर सोडू नका. दर १५ टक्के वर आणि १५ टक्के खाली धरून दोनदा पुन्हा काढा. पगार ख मध्ये आणि कर्जाचे हप्ते क मध्ये असतील तर ख चं चलन पडल्यावर हप्ता महागतो. अशा वेळी सहा महिन्यांचे हप्ते क च्या चलनातच आधी साठवून ठेवणं हा साधा उपाय आहे. उलट पैसा निवृत्तीपर्यंत ख मध्येच ठेवायचा आणि तिथेच खर्च करायचा असेल तर विनिमय दर या हिशेबात येतच नाही.

पैसे पाठवण्याचाही खर्च धरा. जागतिक बँकेच्या पाहणीत लहान रकमा पाठवण्याचा जगभरचा सरासरी खर्च ६ टक्क्यांच्या आसपास राहिलेला आहे, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणायचं ठरवलं आहे. शुल्क शून्य म्हणणारी सेवा बहुधा दरात कापते. म्हणून शुल्काकडे न बघता ‘एवढे भरले तर पलीकडे नेमके किती पोचतील’ हा एकच आकडा दोन-तीन ठिकाणी, एकाच वेळी पाहा.

हा सगळा हिशेब एका तक्त्यात ठेवा: आडव्या ओळींत खर्च, उभ्या रकान्यांत क, ख जुन्या सवयींनी, ख नव्या सवयींनी. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला ते लिहा. पोचल्यावर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खरे आकडे चौथ्या रकान्यात भरा. भाडं आणि पाळणाघर या दोन ओळींत अंदाज १० टक्क्यांहून जास्त चुकला असेल, तर घराचा लांब मुदतीचा करार करण्याआधी शिल्लक पुन्हा काढा.